पडद्यावरची मोकळी जागा

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाच्या! मी, माझी लेक ठमी, सहा खोकी आणि जिन्यात अडकून बसलेली एक गादी. गादी सोडवायला खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका धावून आले आणि घामाघूम होऊनही अजून काही उचलायचं आहे का, असं विचारून गेले. शेजार चांगला दिसतोय. घर दोनच खोल्यांचं, पण भरपूर उजेडाचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर शाळाच दिसते, म्हणजे ठमीला उशीर व्हायला आता निमित्त उरलं नाही. असं म्हटल्यावर तिने नाक मुरडलं आणि लगेच पाचवीची खिडकी कोणती ते विचारलं. दहा वर्षांची आहे, पण चौकशा करण्यात थेट माझ्यावर गेली आहे.

नोकरी मनासारखी मिळाली. पाचवीला विज्ञान शिकवायचं, शिवाय सगळ्या विषयांच्या स्लाइड नव्याने करून द्यायच्या. संस्थेच्या अध्यक्षांनी माझा नमुना पाठ बघितला आणि जागच्या जागी होकार दिला. नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा उगवणार. तेव्हा ठमीच्याच शाळेत काम आणि ती दिवसभर डोळ्यांसमोर, याहून जास्त मला काय हवं होतं? आज खोकी उघडताना मी चक्क गुणगुणत होते. ठमीने कान झाकून घेतले.

६ नोव्हेंबर

शाळा बघितली आणि डोळे दिपले. भिंतींवर तळहाताएवढी जागा मोकळी नाही. तक्ते, नकाशे, पाढे, पक्ष्यांची चित्रं, आणि त्यांच्या मधल्या फटींत रंगीत कागदाच्या पट्ट्या. बाकांवरसुद्धा कागद चिकटवलेले. वर बघितलं तर छतावर ग्रहमाला. फळा मात्र कुठेच नाही. प्रत्येक वर्गात भिंतभर पांढरा पडदा आहे आणि मुलं यायच्या आत संगणकाचे सर सगळीकडे स्लाइड लावून ठेवतात. एक शिक्षक गेला तरी दुसरा येईपर्यंत जुनी स्लाइड पडद्यावर तशीच राहते.

आणि त्या स्लाइड! मुंगीएवढी अक्षरं, चारी बाजूंनी वेलबुट्टी, कोपऱ्यांत फुलं आणि फुलांवर फुलपाखरं. गणिताच्या स्लाइडवर तर बेरीज शोधून काढावी लागते. ज्याने कुणी या केल्या, त्याचं मोकळ्या जागेशी सात जन्मांचं वैर असावं.

माझं म्हणणं सरळ आहे. एका स्लाइडवर एकच गोष्ट. अक्षर एवढं मोठं की शेवटच्या बाकावरून वाचता आलं पाहिजे. चित्र एकच, तेही मुद्द्याचं. बाकी सगळं पांढरंशुभ्र, म्हणजे नजर भटकत नाही. नको ते काढून टाकलं की हवं ते आपोआप दिसतं. इतकी वर्षं मी शिक्षकांच्या शिबिरांत हेच सांगत आले. आज मुख्याध्यापिकाबाईंनाही उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा असा, की जणू मी त्यांच्या घरातलं सामान रस्त्यावर काढायला निघाले आहे. मग एवढंच म्हणाल्या, की अक्षरं हवी तेवढी मोठी करा, पण इथे पडद्यावर मोकळी जागा सोडायची पद्धत नाही. का, असं विचारलं, तर म्हणाल्या की मुलं तिकडे बघत बसतात. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

९ नोव्हेंबर

माझ्या नव्या स्लाइडचा पहिला तास. धडा पानांचा. वरच्या बाजूला एक हिरवं पान, शेजारी एक शब्द, संपलं. दोन संध्याकाळी खपले होते त्यासाठी. वर्गात जाऊन बघते तर पानाभोवती गुलाब! खाली आगगाडीची किनार! आणि उरलेल्या जागेत कुणीतरी ससे सोडलेले. मुलं ससे मोजण्यात दंग, आणि पहिल्या बाकावर बसलेली माझीच कन्या त्यात सगळ्यांच्या पुढे. तास पाण्यात गेला.

संगणकाचे सर म्हणजे उंच, किडकिडीत, नजरेला नजर न देणारा माणूस. त्यांना विचारलं, तर म्हणाले की फाइल उघडताना कधीकधी असं होतं. फाइल उघडताना ससे होतात! मी काय काल जन्मले? यात कुठेतरी पाणी मुरतंय. नवीन बाई आली, अध्यक्षांच्या मर्जीतली आहे, तिचं नाक कापायचं, एवढाच हा खेळ. असले खेळ मी याआधीही बघितले आहेत.

१२ नोव्हेंबर

फाइल उघडता येईल, पण तिच्यात बदल करता येणार नाही, असा पासवर्ड घातला. पासवर्ड ठमीलासुद्धा सांगितला नाही. वर्गात मोठ्या ऐटीत शिरले, तर स्लाइड जशीच्या तशी होती, पण पडद्यावरच रंगीत कागदाची फुलं डकवलेली! खाली, उजवीकडे, जिथे जिथे पांढरं राहिलं असतं तिथे तिथे. अगदी मापात कापलेली. म्हणजे कुणीतरी माझी स्लाइड आधी लावून बघितली आणि मोकळी जागा कुठे पडते ते हेरून फुलं कापत बसलं. एवढा खटाटोप कोण करतं? द्वेष असावा तरी किती?

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलाखाली कागदाचे कपटे पडलेले दिसले. गुलाबी आणि पिवळे. म्हणजे दोघंही सामील आहेत. आता डोळ्यांत तेल घालून राहायचं.

१६ नोव्हेंबर

अध्यक्षांना गाठलंच. त्यांनी माझ्यासमोर दोघांना बोलावून खडसावलं, की माझ्या फाइलला आणि माझ्या वर्गातल्या पडद्याला यापुढे कुणी हात लावायचा नाही. संगणकाचे सर खाली मान घालून उभे होते. मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्यावर माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, की निदान ठमीला थोडे दिवस घरी ठेवा, नाहीतर दुसऱ्या तुकडीत बसवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याशी भांडण, तर माझ्याशी भांडा ना, पोरीला कशाला मध्ये ओढता? ठमी पहिल्या बाकावरून हलणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

आणि मग तास काय रंगला! पडदा धुतल्यासारखा स्वच्छ. एक पान, एक शब्द आणि बाकी पांढरं. एरवी खाजकुयली लागल्यासारखा चुळबुळणारा वर्ग चिडीचूप झाला. कुणी खोकलंही नाही. सगळे डोळे पडद्यावर. घरी येताना मी ठमीला आइसक्रीम घेऊन दिलं. तिने अर्धंच खाल्लं.

१९ नोव्हेंबर

आज मी शिकवता शिकवता पडद्यापासून दूर, खिडकीजवळ जाऊन उभी राहिले आणि मुलांच्या नजरा बघितल्या. ती पानाकडे बघत नाहीत. शब्दाकडेही नाही. सगळी मुलं, एकजात, पडद्याच्या खालच्या उजव्या भागाकडे बघतात. तिथे काहीच नाही. मी तिथे जाऊन हातसुद्धा फिरवून बघितला.

मग उजळणी घेतली. पान झाडासाठी काय करतं, असं विचारलं. अन्न तयार करतं, हे उत्तर कालच पाठ झालं होतं. पण सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, की पान गळलं तरी झाड उभं राहतं. हे मी शिकवलेलं नाही. कुणी शिकवलं ते विचारलं, तर पुन्हा एका सुरात उत्तर आलं, सरांनी.

म्हणजे संगणकाचे सर माझ्या माघारी माझ्या वर्गात जाऊन शिकवतात! आता मात्र हद्द झाली.

२२ नोव्हेंबर

संगणकाच्या सरांना शाळेच्या जिन्यातच पकडलं. मी काय वाट्टेल ते बोलले. ते ऐकत राहिले. म्हणाले, अध्यक्षांनी सांगितल्यापासून पाचवीच्या दारात पाऊल टाकलेलं नाही. मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, की मुलं सर म्हणाली का? आणि पडद्याच्या कुठल्या भागाकडे बघतात? मी सांगितल्यावर त्यांनी कठडा घट्ट धरला. नाटकी माणूस. पण मला त्यांची भीती वाटली नाही, त्यांनाच कसली तरी वाटत होती, आणि ते मला जास्त खटकलं.

घरी ठमीचं काही ठीक नाही. ताटातलं सगळं एका बाजूला सरकवते आणि दुसरी बाजू पुसून लख्ख करते. पलंगावर भिंतीला चिकटून झोपते, बाकीचा पलंग रिकामा. कुणासाठी जागा ठेवलीस, असं मी गमतीने विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा केला.

मी अंड्याचं काही करू का विचारलं, तर एकच शब्द, नको. दिवसभरात तिचे मोजून दहा शब्द झाले नसतील. ही पोर झोपेतसुद्धा बडबडते.

२६ नोव्हेंबर

ठमीने तिच्या चित्रकलेच्या वहीतली सगळी चित्रं खोडली. घर, मी, बोटीवरचे बाबा. इतक्या सफाईने, की कागदावर रेघही राहिलेली नाही. का खोडलंस, असं मी जरा ओरडूनच विचारलं. म्हणाली, सर सांगतात, नको ते काढून टाकायचं.

माझंच वाक्य. माझ्याच पोरीच्या तोंडून, पण माझ्या आवाजात नाही आणि तिच्याही नाही.

वर्गात दुसऱ्या बाकावर दोन लांब वेण्यांची एक मुलगी बसते. आज ती जागा रिकामी होती. ती कुठे आहे विचारलं, तर मुलांनी मान हलवली, काळजीचं काही नसल्यासारखी. शाळा सुटताना तिची आई फाटकाशी उभी होती. बराच वेळ उभी होती. मी जवळ गेले, तर ओशाळून हसली आणि म्हणाली, की इकडे कशाला आले तेच आठवत नाहीये हो. आणि निघून गेली.

मलाही फक्त वेण्या आठवत होत्या. चेहरा आठवेना.

२८ नोव्हेंबर

आज मीच मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. संगणकाचे सर तिथेच होते. समोर रंगीत कागद, कात्र्या. लपवलंही नाही त्यांनी.

बाईंनी सगळं सांगितलं. पूर्वी इथेही साध्या स्लाइड असायच्या. मोठ्या पांढऱ्या पडद्यावर मोकळी जागा सोडली की मुलांना तिथे कुणीतरी दिसतं. मोठ्यांना दिसत नाही. मुलं त्याला सर म्हणतात. तो शिकवतो. काय, तर कमी व्हायला. आधी बोलणं कमी, मग खाणं, मग बाकीचं. शेवटी मूलच. आणि त्याच्या मागे त्याची आठवण. तेव्हा एक अख्खा वर्ग गेला, आणि आपला वर्ग होता हे संगणकाच्या सरांना कळलं ते फक्त रिकामे बाक मोजून. तेव्हापासून दोघं मिळून पडदे भरत बसतात.

मला आधी का सांगितलं नाही, म्हणून मी रडायलाच लागले. बाई म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता, आणि मग मुद्दाम करून बघितलं असतं.

खरं आहे. तसंच केलं असतं मी.

मी विचारलं, की आता पडदा भरला तर? बाईंनी कात्री खाली ठेवली. मग संगणकाचे सर म्हणाले, एकदा शिकलेल्या मुलांना पडदा लागत नाही. कुठलीही मोकळी जागा चालते.

२९ नोव्हेंबर

तरीही भरला. सकाळी वर्गात किनारी, फुलं, ससे, सगळं लावलं. एक इंच सोडला नाही. मुलं पडद्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. एक मुलगा स्वतःच्या तळहाताकडे बघतोय. दोघं खिडकीच्या काचेकडे. ठमी माझ्या पांढऱ्या साडीकडे. मी घरी येऊन साडी फाडून टाकली.

बाक आज आणखी रिकामे होते. किती, ते कळेना. आधी किती होते?

दुपारी माझ्या आईचा फोन आला. घर कसं आहे, नोकरी कशी आहे, जेवतेस का वेळेवर, सगळं विचारलं. ठमीबद्दल एक शब्द नाही. मी ठमीच्या कानाला फोन लावला. ती आजी म्हणाली, मी स्वतः ऐकलं. पलीकडून आई म्हणत होती, की फोन बंद पडला वाटतं, काहीच ऐकू येत नाही.

३० नोव्हेंबर

निघायचं ठरवलं. कुठेही, पण इथून लांब. ठमीला फुलाफुलांचा फ्रॉक, हाताला धरून बसथांब्यावर. तिचा हात हलका लागत होता.

आभाळ भरून आलेलं. ढगांचा एक पांढरा पत्रा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ठमीने मान वर केली ती केलीच. मी हाताने तिचे डोळे झाकले. बोटांच्या फटीतून बघत राहिली. शांत, शहाण्या मुलीसारखी, वर्गात बसल्यासारखी.

आभाळाला मी काय डकवू?

परत घरी. शिंपीकाका जिन्यात भेटले, म्हणाले, एकट्याच कुठे निघाला होतात? ठमी माझ्या शेजारी उभी होती. मी तिचा हात उचलून त्यांना दाखवला. ते माझ्याकडेच बघत राहिले, कीव येऊन.

१ डिसेंबर

सकाळपासून भिंती भरतेय. वर्तमानपत्रं, पाकिटं, नवऱ्याची पत्रं, फाडलेल्या साडीवर शाईने रेघोट्या. खिडकीवर गादी. शिंपीकाकांच्या चिंध्यांची पोती आणली, छतापर्यंत. ताटं उलटी ठेवली. दूध ओतून दिलं, पांढरं होतं —

ठमी जमिनीवर बसली आहे. सावली नीट पडत नाही तिची. हाक मारली की मान वळवते, म्हणजे अजून आहे.

मुख्याध्यापिकाबाई येऊन गेल्या. दारातूनच मला धीर देत होत्या. जाताना विचारलं, की तुम्हाला मूलबाळ? आणि लगेच तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. त्यांनाही कळलं आपण काय विचारलं ते.

भिंती झाल्या. मोकळं काही नाही आता. फक्त —

ती माझ्याकडे बघत नाहीये. या वहीकडे बघतेय. पानाच्या खालच्या भागाकडे. मी लिहिलं नाहीये तिथे अजून. म्हणून लिहायचं, थांबायचं नाही, काहीही, तिच्याबद्दलच, म्हणजे पान भरेल आणि तीही राहील —

ठमीचा वरचा एक दात अर्धा आलाय. ठमी मोजे उलटे घालते. ठमीला अंधाराची भीती नाही, कुत्र्यांची आहे. जन्मली तेव्हा रडलीच नाही, नर्सने चापट मारली, मग अशी रडली की मी हसले. ठमीच्या गालावर तीळ आहे, उजव्या, नाही, डाव्या, आत्ता बघते —

तीळ दिसत नाही. गाल नीट दिसत नाही. मागची वर्तमानपत्राची अक्षरं दिसतात —

ठमी, माझ्याकडे बघ. पानाकडे नको. आईकडे.

हसली. सरांकडे बघून हसावं तशी.

अजून अर्धं पान आहे. अक्षर मोठं काढते. ठमीला पोहता येत नाही. ठमीला माझ्या हातचा — काय आवडतं तिला — ठमी हे घरातलं नाव. खरं नाव वेगळं आहे, सुंदर आहे, मी ठेवलंय, नवऱ्याशी भांडून ठेवलंय, ते लिहिलं की ती जाणार नाही, ते नाव मला येतं, मी आई आहे तिची, ते नाव